कर्नल पार्करचे हिशेब

एल्विस प्रेस्लीच्या तबकड्या जगभर विकल्या गेल्या. लंडनपासून टोकियोपर्यंत लोक त्याची वाट पाहत होते. तरी अमेरिकेबाहेर त्याने जाहीर कार्यक्रम केले ते फक्त कॅनडात, तेही १९५७ साली, तीन शहरांत. परदेशातून मोठमोठ्या रकमांची बोलावणी येत राहिली आणि त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर ती नाकारत राहिला. पार्कर मूळचा नेदरलंड्समधल्या ब्रेडा गावचा. तरुणपणी तो कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरला होता आणि त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. आपण देशाबाहेर पडलो तर परत येता येणार नाही ही भीती त्या नकारांमागे असावी, असे बहुतेक चरित्रकार मानतात. मलाही ते पटते.

मॅनेजरने गायकाला लुबाडले, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पार्करने पन्नास टक्क्यांपर्यंत वाटा घेतला आणि एल्विसच्या मृत्यूनंतर मेम्फिसच्या न्यायालयासमोर तो अवाजवी ठरला, हे खरेच. पण पैसे गेले तरी गायकाचे गाणे वाढू शकते. एल्विसचे गाणे जिथे अडले, तिथे लबाडीपेक्षा फायद्याचेच निर्णय आड आलेले दिसतात.

एल्विस गाणी लिहीत नसे. दुसऱ्याचे गाणे घेऊन त्यात जीव ओतणे ही त्याची प्रतिभा. म्हणजे त्याच्यापर्यंत कोणती गाणी पोहोचतात, यावर त्याचे सगळे अवलंबून. पार्करच्या व्यवस्थेत गीतकाराला प्रकाशनहक्कांतला किंवा रॉयल्टीतला वाटा सोडावा लागे. एल्विसने गायले की तबकडी लाखांनी खपणार, म्हणून सुरुवातीला गीतकार कबूलही होत. साठच्या दशकात चांगले लिहिणारे स्वतःच्या बळावर उभे राहिले आणि ही अट त्यांना मान्य होईना. मग एल्विसकडे येत राहिली ती अट मानणाऱ्यांची गाणी. डॉली पार्टनने स्वतः सांगितले आहे, की तिचे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ एल्विसला गायचे होते, पण पार्करने निम्मे प्रकाशनहक्क मागितले. तिने नकार दिला आणि रात्रभर रडली. तिने हक्क राखले हे योग्यच झाले. पण एल्विसच्या आवाजात ते गाणे कधी आले नाही, याची हळहळ मला वाटते.

एल्विसच्या चित्रपटांचेही तसेच. सिनेमाने तबकडीची जाहिरात करायची, तबकडीने सिनेमाची. वर्षाला तीन-तीन चित्रपट निघत आणि प्रत्येकासाठी घाईने गाणी जुळवली जात. मार्च १९६१ नंतर सात वर्षे तो श्रोत्यांसमोर उभाच राहिला नाही. बीटल्स आणि बॉब डिलन गाण्याचा चेहरा बदलत होते, नेमकी तीच ही वर्षे. यातला एकही करार तोट्याचा नव्हता.

दुसऱ्या कुणी निर्णय घेतला की काय घडते, हे १९६८ मध्ये दिसले. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात पार्करला नाताळची गाणी हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडरने हट्ट धरला आणि मूठभर श्रोत्यांच्या मधोमध काळ्या चामडी पोशाखात बसलेला एल्विस पुन्हा पूर्वीसारखाच जिवंत होऊन गायला. पुढच्या वर्षी मेम्फिसमध्ये निर्माता चिप्स मोमनने ‘सस्पिशियस माइंड्स’चे हक्क सोडायला साफ नकार दिला आणि ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी पार्करने लास व्हेगासचा करार केला, आणि एका रात्रीत दोन-दोन कार्यक्रम वर्षानुवर्षे चालले. पार्कर तिथे जुगारात मोठ्या रकमा हरत होता. १९७३ मध्ये तोवरच्या ध्वनिमुद्रणांची पुढची रॉयल्टी चोपन्न लाख डॉलरना एकरकमी विकली गेली.

सह्या एल्विसच्याच होत्या, असे कुणी म्हणेल. होत्याच. त्याच वर्षी भांडण विकोपाला जाऊन त्याने पार्करला काढलेही होते. पार्करने येणे रकमेचे लांबलचक बिल पुढे ठेवले आणि प्रकरण मिटले. पण केवळ त्या बिलाने तो थांबला असे मला वाटत नाही. पूर्वी ट्रक चालवणाऱ्या गरीब घरच्या पोराला १९५५ मध्ये पस्तीस हजार डॉलरचा करार या माणसाने जुळवून दिला होता. त्याच्यावाचून हे सगळे एका दिवसात जाईल, असे एल्विसला अखेरपर्यंत वाटत असावे.