इजा झाली नाही, तरी दोष उरतोच

इजा कुणालाच झाली नाही, मग दोष कसला? हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातही येतो. रात्रभर गॅसचं बटण उघडं राहिलं, पण काही पेटलं नाही. 'झालं का काही? मग कशाला बोलता?' असं आपण ऐकतो, कधी आपणच म्हणतो. मला या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेच्या हकिकतीत दिसतं.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड नावाचं लांबट बेट आहे. तिथलं पिण्याचं पाणी जमिनीखालचं. १९४७ साली तिथल्या जुन्या लष्करी छावणीत ब्रुकहेवन प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १९६५ पासून संशोधनासाठी एक अणुभट्टी चालू लागली. वापरलेलं इंधन पाण्याच्या हौदात ठेवत. त्या हौदाला दुहेरी अस्तर नव्हतं. काउंटीचे टाक्यांबद्दलचे नियम पाळू, असं प्रयोगशाळेनं १९८७ साली कबूल केलं होतं. शेजारी तपासणीच्या बोअर मारायच्या, एवढंच तर काम! पण ते मागे पडत गेलं. पातळी मोजली की हौद गळत नाही असं वाटे, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. शेवटी १९९६ मध्ये बोअर मारल्या आणि जानेवारी १९९७ मध्ये जाहीर झालं, की जमिनीखालच्या पाण्यात ट्रिशियम आहे. गळती रोज सहा ते नऊ गॅलन, म्हणजे दोन-तीन घागरी. आणि तीही बरीच वर्षं.

शास्त्रज्ञ म्हणाले, हे पाणी शेजाऱ्यांच्या विहिरींपर्यंत पोचलेलं नाही, आणि ट्रिशियम सुमारे बारा वर्षांत निम्मं होतं. हे खरंच होतं! तरी लोक चिडले. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

आपल्याकडे पाणी गाळून पितात, आणि गाळण्यातली जिवाणी जिथून पाणी आणलं तिथेच परत सोडतात. पाण्यात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर हा नेम. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये प्रमादाला केवढं स्थान दिलंय! बेफिकिरीनं वागलं की हिंसा घडलीच, समोरचा जीव मरो वा न मरो. शेजारी हेच म्हणत होते, फक्त त्यांच्याकडे हा शब्द नव्हता. त्यांनी आकड्यांबद्दल तक्रार केली नव्हती. दिलेला शब्द वर्षानुवर्षं फडताळात पडून राहिला, याची केली होती.

मे १९९७ मध्ये सरकारनं प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचा करार रद्द केला. पुढं संचालक म्हणून जॉन मारबर्गर आले. ते भौतिकशास्त्रज्ञ, पण त्याआधी शेजारच्याच विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे लोकांत वावरलेले. १९९८ मध्ये शेजाऱ्यांची सल्लागार परिषद झाली. पर्यावरणवाले, व्यापारी, वस्तीतल्या संघटना, कर्मचारी, सगळे एका टेबलाशी. बातमी वर्तमानपत्रात येण्याआधी त्यांच्या कानावर यायची, आणि ती वाईट असली तरी! माझ्या मते खरं काम इथं झालं. माहितीपत्रकं वाटून विश्वास येत नाही. सून-सासूतही येत नाही म्हणा.

पण एक गोष्ट खटकते. भट्टी डिसेंबर १९९६ मध्ये इंधन बदलायला थांबवली होती, ती पुन्हा सुरू झालीच नाही. चालवावी की नाही, याचा पर्यावरणीय अहवाल तयार होत होता. तो पुरा होण्याआधीच, नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऊर्जामंत्र्यांनी ती कायमची बंद केली. विरोधकांना आनंद झाला असेल. पण ज्यांना 'आधी तपासू, मग ठरवू' असं सांगितलं होतं, त्यात तिथं काम करणारे शास्त्रज्ञही होते. त्यांना दिलेला शब्द तेवढा हलका कसा झाला?