उपाशापोटीची गोळी

यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भभर नावाजलेला. मंडळांचे देखावे बघायला दारव्हा, घाटंजी, आर्णी, कळंबकडून माणसं येतात आणि घरोघरी घट बसलेले असतात. नऊ दिवसांचे उपास धरणाऱ्या बायका जिल्ह्यात पुष्कळ. कुणी एक वेळ जेवून, कुणी फराळावर, कुणी नुसत्या पाण्यावर. या दिवसांत दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि त्याहून जास्त जावा-नणंदांच्या बोलण्यात एक प्रश्न निघतो : उपासाला थायरॉईडची गोळी चालते का?

प्रश्न भाबडा नाही. ही गोळी घ्यायची असते सकाळी उठल्याउठल्या, साध्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. अंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही हे जिच्या अंगवळणी पडलंय, तिच्या दिवसाचा क्रमच या गोळीनं उलटा होतो. एरवी तिनं ते निमूट मान्य केलेलं असतं. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ती प्लॅस्टिकची बाटली ठेवलेली असते, वर 50 किंवा 75 मायक्रोग्रॅमचा आकडा. नवरात्रात मात्र हात त्या बाटलीकडे जाताना कचरतो. देवीसाठी अन्न सोडलं आणि गोळी गिळली, तर व्रत उरलं का? मग कुणीतरी सुचवतं, नऊच दिवसांचा तर प्रश्न आहे, राहू दे बंद.

धर्मशास्त्रात या शंकेचं उत्तर फार जुनं आहे. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टींची एक यादी महाभारताच्या उद्योगपर्वात येते : पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. साबुदाणा या यादीत नाही, औषध आहे. भगवद्गीता सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला जसा योग नाकारते तसाच अजिबात न खाणाऱ्यालाही नाकारते आणि सतराव्या अध्यायात, शास्त्रानं न सांगितलेलं घोर तप करून शरीराला छळणाऱ्यांचा निश्चय आसुरी म्हणते. आर्णीच्या बाबा कंबलपोश दर्ग्यावर ज्या घरांतून माणसं जातात, तिथंही रमजानमध्ये हाच विषय निघतो. कुराणानं आजाऱ्याला रोजे पुढच्या दिवसांत पुरे करायची मुभा दिली आहे, आणि या गोळीपुरती तर तेवढीही गरज सहसा पडत नाही, कारण डॉक्टरांना विचारून ती रात्री, इफ्तारनंतर तीनेक तासांनी किंवा सहेरीच्या आधी घेता येते. पर्युषणात दिवसा नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहणाऱ्या जैन बाईचा पेच याहून अवघड. तिच्या तपाचा मानच न खाण्यात आहे. तिनं आपल्या महाराजांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही आधी विचारून ठेवावं एवढंच म्हणता येतं.

तरीही गोळी बंद होते, कारण बंद केल्याचं लगेच काही कळत नाही. थायरॉक्सिन रक्तात रेंगाळतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 7 दिवस लागतात. एक दिवस चुकला तर अंगाला पत्ताही लागत नाही. पण जिची ग्रंथी जवळजवळ थांबलेली आहे तिच्या शरीरात नवमीपर्यंत निम्म्याहून कमी थायरॉक्सिन उरतं, आणि पुन्हा गोळी सुरू केली तरी पातळी पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे जातात. दसऱ्यानंतर कपाशीची सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा होते, वेचणीला हात लागतो. नेमकं तेव्हाच तिचं अंग जड पडतं, आणि याचा संबंध नवरात्राशी कुणी जोडत नाही.

उपासाच्या ताटातलं मीठही या हिशेबात घ्यायला हवं. उपासाला सैंधव वापरायची रीत आहे. त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. व्रतापुरतं ते वापरल्यानं काही बिघडत नाही. पण अलीकडे ते शुद्ध, सात्त्विक म्हणून बारा महिने स्वयंपाकघरात येऊ लागलंय, आणि ते काळजीचं आहे. भारतात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 साली सुरू झाला. त्यामागे हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम होतं : आयोडीनयुक्त मीठ दिलेल्या गावांत गलगंड ओसरला. 2006 पासून खाण्याचं मीठ आयोडीनशिवाय विकायला देशभर बंदी आहे. मिठातल्या या चिमूटभर आयोडीननं पुढच्या पिढ्यांची बुद्धी वाचवली आहे. शुद्धतेच्या नावाखाली ते घरातून घालवणं हा धर्म नाही. ज्यांचा थायरॉईड आधीच मंदावलाय त्यांना मात्र मीठ बदलून बरं वाटणार नाही. आज शहरांत आणि मोठ्या गावांत दिसणाऱ्या बहुतेक रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलेली असते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी 1912 साली या विकाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. बायकांमध्ये तो पुरुषांच्या कितीतरी पट. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होतं, सुमारे 11 टक्के प्रौढांचा थायरॉईड मंद आढळला; समुद्रापासून दूरच्या शहरांत प्रमाण किनाऱ्यापेक्षा जास्त होतं.

उपासाचा प्रश्न सुटतो. त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे.

थायरॉईड मंदावला की माणूस कसा दिसतो? पहाटे उठवत नाही. भाकर थापताथापता हात थांबतो आणि तव्यावरची करपते. बोलणं संथ, आवाज घोगरा, चेहरा सुजट. काल काय ठरलं ते आज आठवत नाही. यवतमाळच्या फेब्रुवारीत, जेव्हा बाकीच्यांनी पंखा लावलेला असतो, तेव्हा ही शाल सोडत नाही. हरिपाठाला बसली की डोळा लागतो. आणि घरातून, शेजारातून एकच निदान येतं : सून लय आयशी हाय. वऱ्हाडी घरांत इतकं दुखवणारं दुसरं वाक्य नाही, कारण ते बाईच्या कामावर थांबत नाही, तिच्या लायकीवर जातं. त्याच्यामागे धर्माची साक्षही असते. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण जिवाला बांधतो तो प्रमाद, आळस आणि झोप यांनी. ही तिन्ही लक्षणं तिच्यात दिसतात. म्हणजे ती तामसी. ती स्वतःही हळूहळू तसंच मानू लागते आणि प्रायश्चित्त म्हणून आणखी एक उपास धरते.

इथं परंपरेला दोष देण्याआधी ती नीट वाचायला हवी. त्याच चौदाव्या अध्यायात तिन्ही गुण प्रकृतीतून उपजतात असं सांगितलंय. गुण म्हणजे आत्म्याचं चारित्र्य नव्हे. सांख्यदर्शन तर मन, बुद्धी आणि अहंकार यांनाही प्रकृतीतच मोजतं. साक्षी पुरुष तेवढा वेगळा. गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची, वीसेक ग्रॅमची ग्रंथी मंदावली म्हणून भक्तीतला रस आटावा, याचं आधुनिक माणसाला आश्चर्य वाटतं. सांख्यकाराला वाटलं नसतं. आणि समर्थ रामदास, ज्यांच्या नावानं महाराष्ट्रात आळशाला सगळ्यात जास्त बोल लावले जातात, त्यांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तमोगुणाचा समास लिहिला तसा तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचाही लिहिला. त्यात देहाच्या रोगांची भलीमोठी जंत्री आहे आणि ती दुर्गुण म्हणून आलेली नाही, दुःख म्हणून आली आहे. समर्थांनी दोन गोष्टी दोन समासांत ठेवल्या. आपण घराघरात त्या एकत्र केल्या आहेत.

मग आळस आणि आजार ओळखायचा कसा? तीनशे वर्षांपूर्वी हे बाहेरून ओळखायला नाडी आणि नजर यांपलीकडे फारसं साधन नव्हतं. आज टीएसएच नावाची रक्ताची एक तपासणी आहे. ती करून घेण्याआधी कुणाला तामसी म्हणणं हा आजच्या काळात नुसता कठोरपणा नाही, अन्याय आहे.

हा अन्याय आपल्याकडेच होतो असंही नाही. रिचर्ड अॅशर या इंग्रज डॉक्टरांनी 1949 साली 14 रुग्णांची हकिगत छापली. थायरॉईड मंदावल्यानं त्यांचं मन इतकं बिघडलं होतं की काहींवर वेडाचा शिक्का बसून ते मनोरुग्णालयात पोचले होते. त्यातले अनेक जण थायरॉईडचा अर्क दिल्यावर भानावर आले. त्याच्याही आधी, 1891 साली, न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि आणखी 28 वर्षं जगली. या वर्षांत तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. शाकाहारी वाचकाच्या अंगावर शहारा आणणारा हा आकडा, आणि माळकरी घरांत आजही अधूनमधून विचारला जाणारा प्रश्न त्यातूनच आलाय : गोळीत जनावराचं काही असतं का? हॅरिंग्टन आणि बार्जर या शास्त्रज्ञांनी 1927 साली थायरॉक्सिन प्रयोगशाळेत घडवलं. आजच्या नेहमीच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन असंच कृत्रिमरीत्या बनवलेलं असतं, कुठल्या प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेलं नसतं.

गोळी लागू पडल्यावर बाईला भजनात पुन्हा गोडी वाटू लागली, तर ती गोडी तिची की गोळीची? असं विचारणाऱ्याला उलट विचारावं : पोट भरलेलं असताना केलेली प्रार्थना अन्नाची असते का? देह साधन आहे, एवढं तर सगळे संत मान्य करतात. साधन नीट असलं म्हणून साधना खोटी ठरत नाही.

नवसांचं प्रकरण याहून गंभीर आहे. गर्भ राहत नाही, राहिला तर टिकत नाही, म्हणून केळापूरच्या जगदंबेला, कळंबच्या चिंतामणीला नवस बोलले जातात. बोलावेत, आशेला जागा लागते. पण थायरॉईड मंदावल्यानंही पाळी बिघडते, गर्भ राहायला अडचण येते, गर्भपाताचा धोका वाढतो, आणि गर्भारपणात गोळीचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. नवस बोलला म्हणून तपासणी टाळली तर देवावर आपण न पेलणारी जबाबदारी टाकतो. जन्मतःच ज्या बाळाची ग्रंथी काम करत नाही, त्याच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून ते कळतं आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर ते बाळ इतर मुलांसारखं वाढू शकतं. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. अशा मुलाला पुढे मागल्या जन्मीचं कर्म म्हणणं फार सोपं असतं. प्रारब्धाचा सिद्धान्त मानणाऱ्यानंही हे ध्यानात ठेवावं की शास्त्र प्रारब्धाच्या जोडीला क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडणारं कर्मही सांगतं, आणि टाचेतला तो थेंब क्रियमाणात येतो. गाडगेबाबांनी कोंबड्या-बकऱ्यांच्या नवसांवर आयुष्यभर कीर्तनातून कोरडे ओढले आणि रुग्णांच्या नातलगांना टेकता यावं म्हणून धर्मशाळा उभ्या केल्या. वऱ्हाडात त्यांचं नाव घेणाऱ्या माणसानं तपासणीला नकार द्यावा, हे बसत नाही.

बहुतेकांना गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि मन तिथंच अडतं. ताप उतरला की औषध थांबतं. हे थांबत नाही. म्हणजे आपण बरे झालोच नाही का? मीमांसकांनी नित्य आणि काम्य असा कर्माचा भेद केलाय. काम्य कर्म फळासाठी. नित्य कर्माचं वेगळं फळ सांगितलेलं नाही, पण ते चुकलं तर दोष लागतो. ही गोळी नित्य कर्मात बसते. ती घेतल्यानं काही विशेष मिळत नाही, साधा दिवस मिळतो. तिचे नियमही नित्यकर्मासारखे काटेकोर : लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या हिच्यापासून चार तास दूर, डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद नाही.

काही जणींचा टीएसएच जाग्यावर येतो, थकवा मात्र पुरता जात नाही. डॉक्टरांना हे ठाऊक असतं; कधी त्यामागे रक्तक्षय, कधी ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, कधी उदासी सापडते आणि कधी काहीच सापडत नाही. घरात मात्र रिपोर्ट नॉर्मल आला की सहानुभूती संपते. आता काय झालंय तुला, असं विचारलं जातं आणि जुना आळसाचा आरोप नव्यानं उभा राहतो. जिल्ह्यातल्या बौद्ध घरांत भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः केल्याची गोष्ट सांगितली जाते. आपली सेवा करू इच्छिणाऱ्यानं आजाऱ्याची सेवा करावी, असं ते तेव्हा म्हणाले. विनयपिटकात त्या कथेच्या पुढे जे येतं ते फारसं सांगितलं जात नाही. कोणत्या आजाऱ्याची सेवा करणं सोपं, त्याची पाच लक्षणं तिथं दिली आहेत : तो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, आपलं दुखणं जसं आहे तसं सांगतो आणि वेदना सोसतो. यवतमाळच्या घरातली बाई यातली चार लक्षणं कुणी न सांगता पाळते. राहतं ते चौथं, दुखणं सांगण्याचं; ते पाळायचं तर समोर ऐकून घेणारं कुणी लागतं. शुश्रूषा करणाऱ्याचीही पाच लक्षणं लगेच पुढे दिली आहेत, आणि त्यांत औषध तयार करता येणं, पथ्य कळणं यांच्या जोडीला हेही आहे की त्यानं ते काम लाभासाठी न करता मैत्रीनं करावं आणि आजाऱ्याला धम्माच्या बोलण्यानं उभारी द्यावी. ही अट सासूला, नवऱ्याला आणि शिकलेल्या मुलालाही लागू आहे.