लोखंडी नांगर

जुन्या गोठ्याच्या कोपऱ्यात अजून एखादा लोखंडी नांगर गंजत पडलेला दिसतो. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी असे नांगर बनवले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असं म्हणून शेतकऱ्यांनी ते नाकारले होते. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी ही त्यांच्या कारखान्याची वसाहत उभी राहिली आणि हाच नांगर गावोगाव पोचला.

गोठ्यात पडलेला तो नांगर परसबागेसाठी पुन्हा उभा करता येतो. गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडून रात्रभर थांबावं. हातोडा जपून वापरावा, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं. तारेच्या ब्रशने गंज काढावा, फाळाला कानशीने धार द्यावी. माती उलथवणाऱ्या पात्याला मात्र रंग देऊ नये. ते घासून गुळगुळीत करावं, नाहीतर ओली माती चिकटते आणि नांगर ओढताना बैलांची दमछाक होते. काम संपलं की त्यावर तेलाचा हात फिरवावा. ही निगा मला पूजेइतकीच मोलाची वाटते.

तुमच्याकडे असा नांगर असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्याचा फाळ घासून पाहा.