पाचवे कारण

ओल्या हाताने गिझरला स्पर्श झाला आणि घरातले माणूस गेले, म्हणजे सांत्वनाला जमलेल्या मंडळींच्या मुखातून ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते’ हे उद्गार निघाल्यावाचून राहत नाहीत. आणि दुःखिताला धीर देण्यासाठी ते निघावेत यात मला काहीच गैर वाटत नाही. परंतु सुतक फिटल्यावरही तोच अखेरचा निवाडा ठरतो आणि भिंतीतली सदोष वायर जशीच्या तशी राहते, तेव्हा प्रारब्ध कोठे संपते आणि हयगय कोठे सुरू होते, हा प्रश्न विचारणे प्राप्तच होते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे गणली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैव तेथे नाकारलेले नाही. पण आधीच्या चारांची झडती घेतल्यावाचून पाचव्यावर फिर्याद गुदरण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, असा मी त्या क्रमाचा अर्थ करतो.

ही झडती कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात घ्यावी. अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून काम भागवण्याचा पूर्वी प्रघात होता. पुढे जेथे नळ प्लॅस्टिकचे झाले तेथे तार डोळ्यांना दिसत राहिली, पण तिचा भूमीशी संबंध तुटला. स्वतंत्र खड्डा असला तरी त्यातले मीठ कालांतराने झिरपून जाते, वैशाखात माती सुकते आणि रोध वाढतो. तो वीस ओहम झाला आणि गिझरमधली जिवंत तार बॉडीला टेकली, तर २३० व्होल्टांच्या दाबाने साडेअकरा अँपिअरच प्रवाह जमिनीत उतरेल, सोळा अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही आणि गिझरची बॉडी विद्युद्भारित राहील. मनुष्याचा प्राण घेण्यास मात्र त्या प्रवाहाचा शतांशही पुरेसा असतो. म्हणूनच चांगल्या अर्थिंगच्या जोडीला तीस मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी हवा, आणि न्हाणीघरातले धातूचे नळ मुख्य अर्थिंगला जोडलेले हवेत, म्हणजे एक हात नळावर व दुसरा गिझरवर असणाऱ्याच्या देहावर दाबाचा घातक फरक पडणार नाही. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथे तर ही तपासणी अनिवार्यच होती.

या सर्वांत अधिक गंभीर गोष्ट अशी की, ज्याच्या मालकीची इमारत आहे त्याच्यापेक्षा भाडेकरू, धुणेभांडी करणारी बाई आणि अजाण मूल यांच्यावरच हे संकट ओढवण्याचा संभव अधिक. स्वतःच्या वाट्याला आलेले दुःख प्रारब्ध म्हणून सोसणे ही तितिक्षा होय. परंतु माझ्या कसुरीने दुसऱ्यावर कोसळलेले दुःख त्याचे प्रारब्ध म्हणून सांगणे, हे माझे ऋण त्याच्या खाती लिहिणे आहे, आणि कर्मसिद्धान्ताचा याहून मोठा विपर्यास मला माहीत नाही.

तेव्हा प्रत्येक घरमालकाने या उन्हाळ्यात, माती कोरडी असतानाच, परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा, आणि त्याचा आरंभ भाडेकरूच्या खोलीपासून करावा.