बिनकामाचा दिवस

युरोपातल्या एखाद्या शहरात मित्रांबरोबर काढलेला दिवस माणसाला इतका का आवडतो, याची नेहमीची उत्तरं मला पटत नाहीत. रस्ते स्वच्छ, इमारती जुन्या, हवा गार. खरंच आहे, पण स्वच्छ रस्ता कुणी दिवसभर पाहत बसत नाही. आम्ही काही मित्र प्राग पाहायला गेलो, तेव्हा मला वाटलं की त्या दिवसाची खरी चैन वेगळीच आहे. तिथे आम्हाला काही काम नव्हतं. कुणाच्या घरी तोंड दाखवून यायचं नव्हतं, बँकेत पासबुक भरायचं नव्हतं, परतताना भाजी आणायची नव्हती. संसारात मुरलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला असा दिवस क्वचित येतो.

आमच्यातला एक जण कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर निम्मं आयुष्य काढलेला, एक मैत्रीण शाळेत इतिहास शिकवणारी. प्रागच्या जुन्या टाउन हॉलवरचं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. दर तासाला वरच्या दोन खिडक्यांमागून येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती सरकत जातात आणि खालची गर्दी मोबाइल उंचावते. मिनिटभरात खेळ संपतो, गर्दी पांगते. आमचा देखभालवाला मात्र जागचा हलेना. त्याला मूर्तींशी कर्तव्य नव्हतं. सूर्य-चंद्राची जागा दाखवणारी ती तबकडी फिरवायला आत कशी चक्रं बसवली असतील, यातच तो अडकला. आम्ही कॉफी पिऊन परत आलो तरी तो तिथेच.

चार्ल्स पुलावर इतिहासाच्या बाईंची पाळी. पुलाचं काम १३५७ मध्ये सुरू झालं. कठड्यांवरचे तीस पुतळे बरेच नंतरचे, आणि आज दिसतात त्यांतले बहुतेक प्रतिकृती आहेत. मूळचे ऊन-पावसापासून वाचवायला आत नेऊन ठेवलेत. "आपण सगळ्यांनी नकलांचे फोटो काढले," असं त्यांनी जाहीर केलं आणि पुढचा अर्धा पूल आमच्याकडून वदवूनच घेतला. संत नेपोमुकच्या पुतळ्याखालच्या काशाच्या पाट्या लोकांनी हात लावून लावून सोन्यासारख्या चकाकवल्यात. हात लावला की नशीब उघडतं म्हणे. जगभरचे पर्यटक रांगेत उभे होते आणि आमची मंडळी त्यात अशी सराईतपणे मिसळली की चपला काढायच्याच काय त्या राहिल्या.

पाहण्यासाठी पाहणं ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. आपली माणसं फिरली भरपूर, पण कारण घेऊन: वारी, काशीयात्रा, मोहीम, लग्नकार्य, नाहीतर दक्षिणा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते यज्ञातली दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून, आणि सापडले बंडाच्या धुमाळीत. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला. पुढे पन्नासेक वर्षांत मराठी प्रवासवर्णन एवढं मोकळं झालं की १९६० च्या 'अपूर्वाई'त पुलंनी युरोपात नुसतं भटकण्याची मजा घरोघरी पोहोचवली. पुढच्या पिढ्यांनी लंडन-पॅरिस आधी असं पुस्तकांत पाहिलं आणि मग सहलीच्या बसमधून. रिकामं फिरणं चालतं, हे आपण शिकलो. पण ते परदेशी चालतं, असं काहीसं त्या शिकण्यात राहून गेलं.

त्याच मंडळींना घेऊन सिन्नर पाहायचं ठरवलं तेव्हा हे कळलं. सिन्नर आमच्या सगळ्यांच्याच येण्याजाण्याचं. कुणाची बहीण तिथे दिलेली, कुणाचा कारखाना माळेगाव एमआयडीसीत, बाकीच्यांचा शिर्डीच्या वाटेवरचा चहा. पण सिन्नर 'पाहायला' जायचं म्हटल्यावर घरच्यांनी विचारलं, "तिथे काय आहे?" आणि गावात पोचल्यावर पहिल्याच टपरीवर, "कुणाकडे आलात?" या प्रश्नात आपुलकी असते, शंका नसते. तरी कुणाकडेच आलो नाही, गाव बघायला आलोय, हे सांगताना आम्ही उगीचच चाचरलो. प्रागमध्ये कुणी विचारलंच नव्हतं.

वास्तविक सिन्नरला सांगण्यासारखं थोडंथोडकं नाही. देवगिरीच्या आधी यादवांचा पाय इथे रोवला गेला. यादव राजा सेउणचंद्राच्या नावाने हा मुलूख सेउणदेश झाला आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली, तोवर घराण्याची मुळं याच भागात होती. तालुक्यातलं डुबेरे हे थोरल्या बाजीरावाच्या आईचं, राधाबाईंचं माहेर. तिथे बर्व्यांच्या वाड्यात १८ ऑगस्ट १७०० ला बाजीरावाचा जन्म झाला. युरोपात एवढ्यावर एक चौक, एक पुतळा आणि चॉकलेटचं दुकान उभं राहिलं असतं. चॉकलेटचं दुकान नाही याचं मला दुःख नाही.

आणि गोंदेश्वर. काळ्या दगडाचं शैव पंचायतन: मधे शंकर, समोर नंदीचा मंडप, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची लहान देवळं. लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात. पण ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री तेराव्या शतकातला आणि हे देऊळ अभ्यासक अकराव्या-बाराव्या शतकात ठेवतात, म्हणजे त्याच्या आधीचं. बाराव्या शतकातलं धरलं तर त्याच शतकात, ११६३ मध्ये, पॅरिसला नोत्र दामची पायाभरणी झाली.

आम्ही गेलो त्या सकाळी भाविक येत होते. पायऱ्या चढायच्या, घंटा वाजवायची, गाभाऱ्यात डोकं टेकायचं, एक प्रदक्षिणा, की परत. देऊळ त्यांच्या वाटेत होतं, नजरेत नव्हतं. पण टीका करायला मी धजणार नाही, कारण नोत्र दाममध्ये जाणाऱ्यांतले बहुतेक बरोबर उलटं करतात: रंगीत काच, कमानी, छत सगळं पाहतात, आणि मधे कुणी गुडघे टेकलेलं दिसलं तर फोटोतून ते माणूस कापतात. शिवाय प्रदक्षिणा ही देऊळ पाहण्याची उत्तम सोय आहे. भिंत उजव्या हाताला ठेवून सावकाश फिरलं की तिचे कोन एकेक करून पुढे येतात, उन्हाची तिरीप बदलते, शिखर वळत जातं. रचणाऱ्याने चालणाऱ्या माणसाचा विचार केलेला आहे. फक्त चालणाऱ्याने मान वर करायची.

आमच्या देखभालवाल्याने ती केली आणि प्रागचं दृश्य पुन्हा घडलं: गडी हलेना. शिखर भूमिज पद्धतीचं आहे. चारही अंगांना मधोमध नक्षीची लता खालून वर गेलेली, आणि दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, उतरंडीसारख्या वर वर लहान होत जाणाऱ्या. म्हणजे मोठं शिखर लहान शिखरांचंच केलेलं, आणि कोपऱ्यांत पुन्हा लहान देवळं. "एकच मापपट्टी सगळीकडे वापरलीय," तो म्हणाला. या काळातली देवळं चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून उभी केली जात. वजन हाच त्यांचा सांधा. त्याला घड्याळाच्या आतलं पाहायला मिळालं नव्हतं. इथे सगळं यंत्र उघड्यावर होतं.

बाईंचं लक्ष भूगोलाकडे. भूमिज शिखराचं मूळ माळव्यात, अंबरनाथचं १०६० चं शिवालयही त्याच कुळातलं. आणि गावातलंच ऐश्वर्येश्वराचं लहान देऊळ, मकरतोरणाचं, त्यात मात्र दाक्षिणात्य वळण. दोन्हींकडची कारागिरी या एका गावात भेटते, तेव्हा इथून वाटा जात असणार आणि कारागिरांना पोसण्याइतका पैसाही फिरत असणार, असं त्या म्हणाल्या.

दुपारी दगड तापला आणि अनवाणी उभं राहणं अशक्य झालं, म्हणून आम्ही एमआयडीसीतलं गारगोटी संग्रहालय गाठलं. देवळाचा दगड तो इथलाच काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट असे स्फटिक वाढले. विहिरी आणि पाया खणताना निघणारे हे दगड एरवी ढिगाऱ्यात जातात. कुणीतरी वेळ काढून ते उचलले, म्हणून आज काचेमागे आहेत.

वेळ हाच मुद्दा. सिन्नरवरून माणसं कमी जात नाहीत. शिर्डीच्या पालख्या जातात, गाड्या जातात, आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो, आणि त्यावरून जाणाऱ्याला गाव दिसायचंच कारण उरलेलं नाही. तिकडे युरोपात उलटा ताप. दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी पाच युरो घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी प्रागने रात्रीच्या संघटित मद्यफेऱ्यांवर बंदी घातली. बिनकामाची माणसं फार झाली की गावात राहणाऱ्यांना आपलं काम करणं जड जातं.

परतताना गाडीत यावरून जुंपली. देखभालवाल्याचं म्हणणं, शिर्डीच्या बसगाड्यांना इथे वीस मिनिटांचा थांबा द्यावा, चार पोरांना वाटाड्याचं काम मिळेल. बाईंना ते नको होतं. वीस मिनिटांत लोक घंटा वाजवतील, सेल्फी काढतील आणि स्वच्छतागृह शोधतील. मला दोघांचं अर्धं अर्धं पटतं. वाटाडी पोरं हवीत, स्वच्छतागृह हवं, सावलीत चार बाक हवेत, आणि देवळाच्या कोणत्या अंगाला काय पाहायचं ते सांगणारा साध्या मराठीतला एक फलकही हवा. बसगाड्या मात्र नकोत. ज्याला अख्खी सकाळ काढता येते त्याने यावं, आणि सूर्य वर चढायच्या आत यावं. पायाला चटके बसायला लागले की कुणी वर बघत नाही.