मी हरवलोय!

आपण रस्ता चुकलो हे नवऱ्याला कळत नाही असं नाही. ते बायकोला कळू द्यायचं नसतं एवढंच. मग तो चालण्याचा वेग वाढवतो. शनिवार पेठेतलं एक मंगल कार्यालय शोधताना मी हिला अर्धा तास असाच वेगात हिंडवलं. पोहोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. 'विचारायला काय झालं होतं?' या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

परवा तोच प्रश्न पुन्हा निघाला. मेव्हणीचे चिरंजीव अमेरिकेत, फ्लॉरिडात, विमान चालवायला शिकतात. एकट्याने उडण्याच्या सरावात स्वारी वाट चुकली. नकाशात तळी, खालीही तळीच तळी. पण यातलं कुठलं त्यातलं, पत्ता नाही!

"मग रे?"

"मग काय काका, रेडिओवर सांगितलं. म्हटलं, मी शिकाऊ आहे आणि हरवलोय."

इतकं सोपं! कंट्रोलरने यंत्रावर चार आकडी क्रमांक लावायला सांगितला, रडारवर याला हुडकलं आणि कुठल्या दिशेला वळायचं ते सांगितलं. थोड्या वेळात विमानतळ समोर.

तिकडे यासाठी 'सी'ने सुरू होणारे पाच शब्द पाठ करून घेतात. उंच चढ, इंधन जपून वापर, संपर्क साध, सांगतील तसं कर, हे चार. पण सगळ्यांच्या आधीचा शब्द 'कन्फेस'. कबूल कर! खरी चढण हीच. संकटात वैमानिक 'मेडे' म्हणतात, तो शब्द 1920च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर निघाला. मूळ फ्रेंच, अर्थ 'मला मदत करा'. मदत मागायची वेळ आली तेव्हा इंग्रजानेसुद्धा शब्द शेजाऱ्याकडून उसना घेतला!

हे सगळं मी बँकेत रंगवून सांगितलं. सगळे हसले. नवा पोरगा तेवढा हसला नाही. मागाहून हळूच म्हणाला, "साहेब, गेल्या महिन्यात माझी कॅश पाचशेने कमी आली. मी खिशातून भरली."

"अरे, मला सांगायचंस! बंडलं पुन्हा मोजली असती."

"सांगणार होतो. पण आदल्याच दिवशी व्हाउचर कसं भरायचं म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही मोठ्याने म्हणालात, 'बी.कॉम. ना तू?'"

माणूस विचारत का नाही, यावर मी दहा मिनिटं प्रवचन झोडलं होतं. पण तो निम्माच प्रश्न. उरलेला निम्मा असा की, रेडिओच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय? फ्लॉरिडातल्या त्या कंट्रोलरने 'नकाशा वाचता येत नाही का?' असं विचारलं नाही. इंधन किती उरलंय, एवढंच विचारलं. आमच्या शाखेत ती खुर्ची माझी होती, आणि पोराचे पाचशे रुपये माझ्या एका वाक्यापायी गेले होते.

ते मी त्याला दिले. तो नको नको म्हणत असतानाच दिले. पण एवढ्याने हिशेब मिटेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली. कॉम्प्युटरवरचा एक रिपोर्ट गेली दोन वर्षं मला काढता येत नाही, हे आजवर कुणालाही ठाऊक नव्हतं. घसा खाकरून म्हटलं, "बाबा रे, मी हरवलोय."

त्याने दोन मिनिटांत रिपोर्ट काढून दाखवला. 'बी.कॉम. ना तुम्ही?' असं त्याने एकदाही विचारलं नाही.