नथनेल कुठला होता?



येत्या २४ ऑगस्टला आपण प्रेषित संत बर्थलमय यांचा सण साजरा करणार आहोत. नथनेल आणि बर्थलमय एकच, असे ख्रिस्तसभेची जुनी परंपरा मानते. म्हणून त्या दिवशी मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानातील नथनेलाची भेट वाचली जाते. फिलिप धावत येतो आणि सांगतो, शास्त्रात ज्याच्याविषयी लिहिले आहे तो आम्हाला भेटला, नासरेथचा येशू. नासरेथचे नाव ऐकताच नथनेल नाक मुरडतो. त्या गावातून काही चांगले निघेल हे त्याला पटतच नाही. येशूला त्याने अजून पाहिलेले नाही. गाव कळले आणि माणसाची किंमत ठरली!

पण हा नथनेल स्वतः कुठला? याचे उत्तर योहान अगदी शेवटच्या अध्यायात, जाता जाता देतो. नथनेल गालीलातील काना गावचा होता, म्हणजे नासरेथचा शेजारीच. यरुशलेमचे लोक सगळ्याच गालीलकरांना कमी लेखत. त्यांची बोली ऐकूनच त्यांना ओळखत. त्या रात्री वाड्याच्या अंगणात पेत्राला त्याच्या बोलीनेच उघडे पाडले. निकदेमालाही ऐकवण्यात आले की, गालीलातून संदेष्टा होत नसतो. यरुशलेमकरांनी गालीलावर जो शिक्का मारला होता, तोच नथनेलाने उचलला आणि शेजारच्या गावावर मारला.

हे आज सांगण्याचे कारण घडले ते बंगल्याच्या ओट्यावर. आपल्या धर्मग्रामातील एक मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला जाऊन आल्या. मोबाईलवर नातवाचे फोटो दाखवत होत्या. बर्फ, मोठाले रस्ते, तिथले चर्च, सगळे कौतुकाने सांगून झाले. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, “फादर, सगळे बरे आहे हो, पण काळ्या लोकांच्या वस्तीकडे जायचे नाही. मुलीने पहिल्याच दिवशी बजावले.”

मी विचारले, “मावशी, त्यांच्यापैकी कोणी तुम्हाला त्रास दिला का?”

त्यांनी थोडा विचार केला. “नाही. उलट चर्चमध्ये एक काळी बाई होती. दर रविवारी माझा हात धरून पायऱ्या उतरवायची.” मग पटकन म्हणाल्या, “पण ती वेगळी हो, फादर. ती चांगली होती.”

मावशी मनाने वाईट नाहीत. या धर्मग्रामात त्यांच्या हातचे जेवण कोणी खाल्ले नसेल असे घर शोधावे लागेल. पण ‘ती वेगळी’ या दोन शब्दांची गंमत बघा. हजार माणसांवर मारलेला शिक्का तसाच राहतो. एक बाई तेवढी त्यातून सुटते. उद्या दुसरी भेटली तर तीही वेगळीच ठरेल!

अमेरिकेत हा शिक्का एका हातातून दुसऱ्या हातात कसा गेला ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यात आपले कॅथलिक बांधवही आहेत. एकोणिसाव्या शतकात उपासमारीने गांजलेले आयरिश लोक बोटी भरभरून तिथे गेले. हे दारुडे, भांडखोर आणि पोपचे गुलाम, असे तिथले जुने रहिवासी म्हणत. नियतकालिकांतील चित्रांत आयरिश माणसाला माकडाचे तोंड काढले जाई. १८४४ साली फिलाडेल्फिया शहरात जमावाने कॅथलिक चर्चे जाळली. ज्यांनी एवढे सोसले, ते दुसऱ्याचे दुःख जाणतील असे आपल्याला वाटते. परंतु जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कला सक्तीच्या सैन्यभरतीवरून दंगल उसळली. ३०० डॉलर भरणाऱ्या श्रीमंताला सूट होती, गरिबाला नव्हती. राग खरा होता. शिवाय गुलाम मुक्त झाले तर आपली मजुरी जाईल, ही भीती. त्या दंगलीत आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने होते. त्यांनी कृष्णवर्णीयांना रस्त्यात गाठून मारले, काहींना फासावर लटकवले. कृष्णवर्णीय अनाथ मुलांचा आश्रमही जाळला. आतली दोनशेहून अधिक मुले मागच्या वाटेने निघाली म्हणून वाचली.

त्याच काळात मिझुरी राज्यातून एक गुलाम आई आपल्या मुलांना होडीत घालून, मिसिसिपी नदी ओलांडून पळाली. साल १८६२. तिच्या मुलांपैकी ऑगस्टस टोल्टन तेव्हा आठ वर्षांचा होता. क्विन्सी नावाच्या गावी त्याला कॅथलिक शाळेत घातले, तर गोऱ्या पालकांनी आरडाओरड केली आणि त्याला शाळा सोडावी लागली. नंतर त्याच गावातील आयरिश धर्मगुरू फादर पीटर मगिर यांनी आपल्या शाळेत त्याला घेतले आणि विरोध होऊनही ठेवले. (म्हणून सांगतो, ‘आयरिश असेच’ असेही म्हणायची सोय नाही.) मुलाला धर्मगुरू व्हायचे होते. अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्याला घेतले नाही. अखेर तो रोमला गेला आणि २४ एप्रिल १८८६ रोजी तिथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. आपल्याला आफ्रिकेत पाठवतील असे त्याला वाटत होते. रोमने त्याला परत क्विन्सीलाच पाठवले. तिथे त्याचे प्रवचन ऐकायला गोरेही येऊ लागले, तेव्हा शेजारच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूलाच ते खपेना. शेवटी १८८९ मध्ये फादर टोल्टन शिकागोला गेले. गरिबांच्या घरोघर फिरून त्यांनी संत मोनिकाच्या नावाने धर्मग्राम उभे केले, आणि जुलै १८९७ च्या उन्हाळ्यात उष्माघाताने वारले. वय ४३. अमेरिकेत उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून ओळखले गेलेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूज्य’ घोषित केले.

आपल्या ख्रिस्तसभेची लाज झाकून मी हे लिहू शकत नाही. १८३८ साली तिथल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम माणसे विकली. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन येथील त्यांच्या कॉलेजचे कर्ज फेडण्यात गेला. २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर क्षमायाचना झाली. दक्षिणेकडील कित्येक चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविकांनी मागच्या बाकांवर बसायचे आणि कम्युनियन गोऱ्यांच्या नंतर घ्यायचे, अशी रीत होती. १९५५ मध्ये लुईझियाना राज्यातील जेझुइट बेंड या खेड्यात एक कृष्णवर्णीय धर्मगुरू मिस्सेसाठी आले, तर गावकऱ्यांनी त्यांना वेदीपर्यंत जाऊच दिले नाही. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी त्या चॅपेलमधील मिस्सा बंद केली. धर्मगुरूला नाकारता ना, मग मिस्साही नाही! या आर्चबिशपांची मला नेहमी आठवण येते.

आता आपली मुले. त्यांना तिथे हुशार, कष्टाळू, इंजिनियर म्हणतात आणि आपली मान ताठ होते. तो शिक्का गोड आहे, पण शिक्काच आहे. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, भारतीय माणूस ‘गोरा’ नव्हे, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये नागरिकत्वाचे दार उघडले, पण स्थलांतराचा कोटा वर्षाला सुमारे १०० भारतीयांचा. खरा बदल १९६५ च्या कायद्याने झाला. तो कायदा आला तो कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन चालवलेल्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर. शिवाय त्या कायद्याने शिकलेल्यांना आणि कुशल कामगारांना अग्रक्रम दिला. म्हणजे आपल्याकडची माणसे चाळणीतून गाळून तिथे गेली. अशांची तुलना दोनशे-अडीचशे वर्षे साखळदंडात राबवलेल्यांच्या वंशजांशी करून ‘ते आळशी’ म्हणणे, यात न्याय कुठला?

आणि गोड शिक्का किती टिकतो? फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामा राज्यातील मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला सांभाळायला गेलेले एक आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळ फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की, एक काटकुळा काळा माणूस फिरतो आहे. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले. मानेला जबर दुखापत झाली. पोलिसावर खटला चालला, तो सुटला. माझ्या मावशी ज्यांच्या वस्तीकडे जायला घाबरत होत्या, त्यांच्यापैकीच एक समजून त्या आजोबांविषयी फोन गेला होता.

आपल्या कुपारींत, वाडवळांत, कोळ्यांत एकमेकांविषयी काय काय बोलले जाते, आणि ‘भैया’ व ‘आदिवासी’ हे शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो, ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

नथनेलाकडे परत येऊ. फिलिप त्याच्याशी वाद घालीत बसला नाही. तू स्वतः येऊन बघ, एवढेच म्हणाला. आणि नथनेल उठला! प्रभू येशूने त्याच्यावर राग धरला नाही, उलट याच्यात कपट नाही असे म्हटले. कपट नसलेल्या माणसाच्या तोंडीही असे बोलणे असू शकते. हे वाचून मला माझ्याविषयी भीतीही वाटते आणि धीरही येतो.

परवाच्या रविवारी मिस्सा संपल्यावर मावशींनी मला गाठले. मुलीला फोन करून त्यांनी त्या पायऱ्या उतरवणाऱ्या बाईचे नाव विचारून घेतले होते. उच्चार जमेना म्हणून कागदावर लिहून आणले होते. त्या बाईच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे म्हणे, तिच्यासाठी एक मिस्सा सांगायची आहे. बुधवारी सकाळच्या मिस्सेला ते नाव वाचले जाईल. माझा उच्चार चुकला तर सांभाळून घ्या.